दगडफूल, झेंडा आणि एक बोधचिन्ह: ट्रान्सजेंडर अध्ययनाला चेहरा कसा द्यायचा?

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी संकेतस्थळावरून एक अक्षर पुसलं गेलं. न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल राष्ट्रीय स्मारकाचं ते पान. १९६९ साली समलिंगी आणि ट्रान्सजेंडर माणसांनी पोलिसांच्या छळाविरुद्ध जिथे उठाव केला, त्या जागेची माहिती तिथे होती. त्या माहितीतून ‘ट्रान्सजेंडर’ हा शब्द आणि त्याचं आद्याक्षर ‘टी’ काढून टाकण्यात आलं. यापुढे सरकार दोनच लिंगं मानेल, असा आदेश तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी आदल्याच महिन्यात काढला होता. दुसऱ्या दिवशी स्मारकापाशी लोक निषेधाला जमले. एका अक्षरासाठी.

अक्षरं, रंग आणि चिन्हं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून ही बातमी मनातून जाईना. एखादं अक्षर असणं किंवा नसणं म्हणजे काय, हे ज्यांचं अक्षर पुसलं जातं त्यांनाच नीट कळतं. आणि नेमक्या याच विषयाचा अभ्यास काही विद्यापीठांमध्ये चालतो. त्याला म्हणतात ट्रान्सजेंडर अध्ययन. अशा अभ्यासक्रमाला बोधचिन्ह, रंग, अक्षरवळण द्यायचं ठरतं तेव्हा बरेचदा एक सूचना येते: ‘निसर्गातून काहीतरी घ्या.’ ऐकायला सोपं वाटतं. पण काम हातात घेतलं की कळतं, या एका वाक्यात किती खड्डे आहेत. ते खड्डे एकेक करून दाखवावेत आणि त्यातून वाट कशी निघते तेही सांगावं, एवढ्यासाठी हा लेख.

## आधी दोन शब्द सरळ करून घेऊ

जन्माच्या वेळी शरीर पाहून नोंदवतात ते लिंग. ‘मी कोण’ या आतल्या जाणिवेतून, आणि समाज बाईकडून किंवा पुरुषाकडून जे अपेक्षितो त्यातून जे घडतं, तो लिंगभाव. बहुतेकांच्या बाबतीत या दोन्हींचा मेळ आपोआप बसतो, त्यामुळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच लक्षात येत नाही. नीट बसणाऱ्या चपलेची दिवसभरात एकदाही आठवण होत नाही, तसंच. ज्यांचा हा मेळ बसत नाही, ती माणसं ट्रान्सजेंडर. मराठीत ‘पारलिंगी’ हा शब्दही रुळतो आहे.

आपली भाषा या बाबतीत फार कडक आहे. इंग्रजीत ‘मी आलो’ म्हणताना बोलणारी बाई आहे की पुरुष, हे कळत नाही. मराठीत ‘आलो’ किंवा ‘आले’ यांतलं एक निवडल्याशिवाय दारातून आतही येता येत नाही. पण हीच मराठी झाडांशी कशी वागते बघा. तो पिंपळ, ती वेल, ते झाड. आणि पिंपळ हेही झाडच. म्हणजे एकाच खोडाला आपण एका वाक्यात ‘तो’ म्हणतो आणि पुढच्या वाक्यात ‘ते’. पिंपळात तसूभरही फरक पडलेला नसतो. फरक पडलेला असतो आपल्या शब्दात.

## ‘अध्ययन’ म्हणजे कोणाचा अभ्यास?

नाव ऐकून पहिला गैरसमज होतो तो हा, की इथे ट्रान्सजेंडर माणसांना तपासतात. तसं तपासणं पूर्वी भरपूर झालं. डॉक्टरांनी लिहिलं, मानसोपचारतज्ज्ञांनी लिहिलं, वकिलांनी लिहिलं. ज्यांच्याबद्दल लिहिलं ती माणसं मात्र फाइलमधली ‘केस’ होऊन राहिली. त्यालाही अपवाद होते. बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरांनी १९१९ साली लैंगिकताविज्ञानाची संस्था उभी केली. तिथे ट्रान्सजेंडर माणसांना उपचार मिळत, काहींना नोकरीही मिळाली. मे १९३३ मध्ये नाझींनी ती संस्था लुटली आणि तिथली पुस्तकं चौकात जाळली. ट्रान्सजेंडर असणं मानसिक आजारांच्या यादीतून बाहेर यायला मात्र २०१९ उजाडावं लागलं. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांचं नवं वर्गीकरण मंजूर केलं आणि हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून हलवला.

१९९० च्या दशकात फाइलमधल्या माणसांनी लेखणी स्वतःच्या हातात घेतली. सँडी स्टोन यांचा निबंध १९९१ साली छापून आला, सुझन स्ट्रायकर यांचा १९९४ साली. दोघीही ट्रान्सजेंडर आणि दोघीही अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या बरोबरीच्यांनी प्रश्नच उलटा फिरवला. ‘ही माणसं अशी का?’ असं विचारायचं थांबवून त्यांनी विचारलं, ‘माणसांचे दोनच कप्पे कोणी पाडले, केव्हा पाडले, आणि कप्प्यात न मावणाऱ्याचं काय होतं?’ पुढे २०१४ मध्ये या विषयाचं स्वतंत्र त्रैमासिक निघालं आणि कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात २०१६ पासून स्वतंत्र अध्यासनही आहे.

प्रश्नाची ही दिशा लक्षात ठेवा. बोधचिन्हाचं सगळं गणित तिच्यावर बसलेलं आहे.

## दृश्य ओळख म्हणजे नुसता लोगो नाही

घरातलं माणूस जिना चढत असेल तर चेहरा दिसायच्या आधीच पावलांवरून कळतं कोण आलं. संस्थेच्या बाबतीत हेच काम दृश्य ओळख करते. बोधचिन्ह हा तिचा एक भाग. रंग, अक्षरवळण, छायाचित्रांची तऱ्हा, कागदावर मोकळी सोडलेली जागा, दारावरची पाटी, प्रमाणपत्राची किनार हे सगळं मिळून ती घडते. कागदाचा तुकडा फाटून आला आणि त्यावर नाव नसलं, तरी तो कुठला हे ओळखू यावं, अशी अपेक्षा असते.

आणि अभ्यासक्रमाच्या बाबतीत हे पहिलं दार असतं. आत यावं की न यावं या विचारात असलेलं माणूस आधी पोस्टर बघतं, अभ्यासपत्रिका नंतर वाचतं. ते पोस्टर त्याला पेशंटसारखं वागवतं, नमुन्यासारखं, की सहकाऱ्यासारखं, हे त्याला दोन क्षणांत कळतं.

## झेंडा आहे की तयार! तोच का नको?

हा अगदी रास्त प्रश्न आहे. ट्रान्सजेंडर झेंडा मोनिका हेल्म्स यांनी १९९९ साली तयार केला: फिकट निळा, फिकट गुलाबी, मध्ये पांढरा, पुन्हा गुलाबी, पुन्हा निळा. उलटा-सुलटा कसाही धरला तरी तो बरोबरच दिसतो, आणि ही त्यातली सुंदर कल्पना आहे. २००० साली तो फिनिक्स शहरातल्या मिरवणुकीत पहिल्यांदा फडकला आणि २०१४ मध्ये मूळ झेंडा स्मिथसोनियन संग्रहालयात गेला.

पण झेंडा आहे चळवळीचा, माणसांचा. तो विद्यापीठाच्या एका विभागानं आपल्या नावापुढे चिकटवला की विभाग चळवळीचा मालक असल्यासारखं दिसू लागतं. उद्या विभागाचं आणि चळवळीचं पटलं नाही तर? झेंडा लोकांकडेच राहावा. विभागानं तो सणासमारंभाला मानानं लावावा, पण स्वतःची सही वेगळी ठेवावी.

दुसरं कारण अगदी कारागिरीचं आहे. फोनवर या झेंड्याचं चित्र उघडा आणि त्याला कृष्णधवल फिल्टर लावा. पाच पट्ट्यांच्या तीन होतात. करडा, पांढरा, करडा. झेंड्यात रूढ असलेल्या निळ्या आणि गुलाबी छटेचा उजळपणा जवळजवळ सारखाच आहे, त्यामुळे रंग गेला की दोन्ही एकाच करड्यात विरघळतात. झेरॉक्सवर, जुन्या प्रिंटरवर, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर हेच होतं. शिवाय स्क्रीनवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात की साध्या आकाराचं अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावं. पांढऱ्यावर तो निळा ठेवला तर ते भरतं सुमारे १.८. गुलाबीचंही १.९ च्या पुढे जात नाही. कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ते अक्षर नसल्यातच जमा. झेंडा फडकण्यासाठी केलेला आहे, त्याच्याकडून वाचनाचं काम करून घेणं हा त्याच्यावरच अन्याय.

## मग निसर्गाकडे कशाला जायचं?

कारण ट्रान्सजेंडर माणसांविरुद्ध साक्षीला सगळ्यात आधी निसर्गालाच उभं केलं जातं. ‘हे अनैसर्गिक आहे’ या तीन शब्दांत किती माणसांचा निकाल लागला असेल! जो साक्षीदार सतत विरुद्ध बाजूनं बोलतो असं सांगतात, तो खरोखर काय म्हणतो ते जवळ जाऊन ऐकलं पाहिजे.

आणि आपण नर-मादीची म्हणून जी चिन्हं वापरतो, वर्तुळाला बाण आणि वर्तुळाखाली अधिकचिन्ह, ती तरी निसर्गानं कुठे दिली? ती मूळची मंगळ आणि शुक्र या ग्रहांची. फलज्योतिषात आणि किमयाविद्येत वापरायची. अठराव्या शतकाच्या मध्याला कार्ल लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं झाडांच्या संकराची टिपणं करताना ती नर-मादीसाठी उचलली. त्याच्याकडे तिसरं चिन्हही होतं, बुध ग्रहाचं. ज्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात त्या फुलासाठी. फुलझाडांमध्ये अशी फुलं बहुसंख्य आहेत! तरी स्वच्छतागृहांच्या दारांवर पोचली ती दोनच चिन्हं. तिसरं वहीतच राहिलं. दृश्य ओळख करणाऱ्या माणसानं या गोष्टीपाशी जरा थांबावं. कोणतं चिन्ह दारावर जातं आणि कोणतं वहीत राहतं, हे कोणीतरी ठरवलेलं असतं.

## सगळ्यांना सुचतं ते फुलपाखरू

निसर्ग आणि ट्रान्सजेंडर हे दोन शब्द एकत्र दिले की दहातले आठजण फुलपाखरू काढतात. सुरवंट, कोष, पंख. मायेनंच काढतात, यात शंका नाही. पण जरा विचार करा, या चित्रात आधीचं आयुष्य काय ठरतं? सुरवंट. सरपटणारं, अपुरं, टाकून द्यायचं काहीतरी. आणि नंतरचं आयुष्य म्हणजे नेत्रसुख. कित्येक ट्रान्सजेंडर माणसं सांगतात की मी बदललो नाही, मी होतोच, तुम्हाला आत्ता दिसतोय. कित्येकांना वैद्यकीय बदल नको असतात किंवा परवडत नाहीत. त्यांना हे चित्र सांगतं की तुम्ही अजून कोषातच आहात.

गंमत म्हणजे खरा कोष या चित्राइतका सोपा नाही. प्रौढ पंखांच्या पेशींचे पुंजके सुरवंटाच्या अंगात आधीपासूनच असतात. आणि २००८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की सुरवंट असताना एखाद्या वासाचा धसका घेतलेला पतंग कोषातून बाहेर पडल्यावरही तो वास टाळतो. म्हणजे सुरवंट पुसला जात नाही, तो आठवत राहतो. ही बाब चिन्हात आणता आली असती तर फुलपाखराला माझी हरकत नव्हती. पण दीड सेंटिमीटरच्या आकृतीत फुलपाखरू फक्त फुलपाखरूच दिसतं.

## ‘पण निसर्गात नर आणि मादी दोनच ना?’

ही शंका टाळून चालणार नाही. प्राण्यांमध्ये बहुतेक ठिकाणी जननपेशी दोन प्रकारच्या असतात, मोठी अंडपेशी आणि छोटी शुक्रपेशी. हे खरं आहे आणि ते नाकारायचं काही कारण नाही. पण एकाच जिवानं जन्मभर एकाच बाजूला राहावं, असा नियम निसर्गानं घातलेला नाही. क्लाउनफिशच्या गटातली मादी मेली की त्यातला मोठा नर मादी होतो. ब्लूहेड रास या माशात उलटं होतं, मादीचा नर होतो. सापकांद्याच्या कुळातल्या कित्येक वनस्पती कंद लहान असताना नर फुलं देतात, अन्नसाठा वाढला की मादी, आणि एखादं वर्ष उपाशी गेलं की पुन्हा नर. लाकडावर पंख्यासारखी उगवणारी एक बुरशी आहे, तिच्यात जोडी जमण्याच्या दृष्टीनं २३ हजारांहून अधिक प्रकार असतात.

हे सगळं मला फार आवडतं. तरीही यातलं काहीही बोधचिन्हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

कारण मासा दाखवून आपण काय म्हणत असतो? ‘बघा, माशातही असतं, म्हणून माणसात चालेल.’ माशात नसतं तर? मग हक्क काढून घ्यायचे? निसर्गात स्वतःची पिल्लं खाणारे प्राणीही आहेत, त्यावरून कोणी कायदा करत नाही. जे आहे त्यावरून जे असावं ते ठरत नाही. माणसाच्या सन्मानासाठी माशाचा दाखला लागू नये. आणखी एक जखमही इथे आहे. ट्रान्सजेंडर माणसांना जनावर, राक्षस, चमत्कार म्हणून हिणवण्याचा इतिहास मोठा आहे. स्ट्रायकर यांचा १९९४ चा निबंध या राक्षस म्हणवलं जाण्याबद्दलच आहे. ज्यांना आयुष्यभर ‘विचित्र प्राणी’ म्हणून निरखलं गेलं, त्यांच्या विभागाच्या दारावर प्राणी टांगायचा? हेतू कितीही चांगला असो, तो टोचणारच.

खाडी किंवा खारफुटी हेही वरचेवर सुचवलं जातं. ना जमीन ना समुद्र. चित्र सुंदर आहे, पण त्यातून ‘तुम्ही अधलेमधले’ असा सूर निघतो. काहींना तो आपला वाटेल. जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंदलेली ट्रान्स बाई मात्र म्हणेल, मी अधलीमधली नाही, मी बाई आहे. तिचं बरोबर आहे.

## दगडफुलापाशी थांबून

मग राहिलं काय? माझं उत्तर आहे दगडफूल. दगडावर, झाडाच्या सालीवर खपल्यांसारखं किंवा झालरीसारखं वाढतं ते. भिंग घेऊन एकदा त्याच्याजवळ बसावं. लांबून जो नुसता डाग वाटतो, त्याला जवळून किनार असते, किनारीला दुमड असते, मध्ये बारीक वाट्या असतात. दोन दगडफुलं शेजारी वाढत आली की काही जातींमध्ये त्यांच्या मधोमध काळी रेघ उमटते. एका जातीला तर या रेघांमुळे ‘नकाशा दगडफूल’ असंच नाव पडलं आहे. हे नकाशा दगडफूल वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही.

आधी नावच बघा. दगडफूल दगड नाही आणि फूलही नाही. पाहणाऱ्यानं आपल्या ओळखीचे दोन शब्द जोडले आणि देऊन टाकले. शास्त्रज्ञांचंही फार वेगळं झालं नाही. त्यांनी त्याला एक साधी वनस्पती मानलं. १८६० च्या दशकात सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानं सांगितलं की ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र जगणं आहे. त्या वेळच्या मोठमोठ्या जाणकारांनी त्याला उडवून लावलं, कारण त्यांच्या वर्गीकरणात असल्या जिवाला कप्पाच नव्हता. शेवटी कप्पा बदलावा लागला. २०१६ मध्ये तर कळलं की कित्येक दगडफुलांमध्ये यीस्टसारखी तिसरी भागीदारही असते. आणि आजही नियमानं दगडफुलाला जे शास्त्रीय नाव मिळतं, ते त्यातल्या फक्त बुरशीचं असतं!

पण मला दगडफूल हवं आहे ते दुसऱ्याच कारणासाठी. दगडफुलाला मुळं नसतात, बरंचसं पोषण ते हवा-पावसातून घेतं. त्यामुळे हवेत विष वाढलं की नाजूक जाती आधी दिसेनाशा होतात. १८६६ साली दगडफुलांचे अभ्यासक विल्यम नायलँडर यांनी पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग बागेतली दगडफुलं पाहून हवेच्या शुद्धतेबद्दल निष्कर्ष काढला होता. (हेच नायलँडर श्वेंडेनरचे कट्टर विरोधक होते. हवा वाचता आली, पण दगडफूल दोघांचं आहे हे त्यांना पटलं नाही.) शहरातल्या झाडावरून दगडफूल नाहीसं झालं, तर शहाणा माणूस ‘या दगडफुलाला काय रोग झाला’ असं विचारत बसत नाही. तो हवा तपासतो.

ट्रान्सजेंडर अध्ययन नेमकं हेच करतं. म्हणून हे चिन्ह माणसाच्या शरीराचं नाही, त्या अभ्यासाच्या रीतीचं आहे. माशात आणि दगडफुलात हा फरक आहे.

## ‘बुरशीचं चिन्ह? हा तर अपमान झाला’

असं कोणाला वाटू शकतं, आणि ते वाटणं खोटं ठरवायचा मला अधिकार नाही. बुरशी म्हटलं की डोळ्यांसमोर नासलेलं काहीतरी येतं. दोन जीव जोडलेले म्हटलं की ‘अर्धं हे, अर्धं ते’ अशी जुनी टिंगलही आठवू शकते. म्हणूनच निवड डिझायनरनं एकट्यानं करायची नसते. ट्रान्सजेंडर विद्यार्थी आणि शिक्षक पहिल्या बैठकीपासून टेबलाशी हवेत, आणि त्या वेळेचा मोबदला त्यांना मिळायला हवा. शेवटी मंजुरीपुरतं बोलावून ‘कसं वाटतंय?’ विचारणं म्हणजे पुन्हा त्यांना फाइलमध्ये घालणं. त्यांनी दगडफूल नाकारलं तर ते जाईल. त्यामागचा विचार मात्र दुसऱ्या कुठल्याही रूपात वापरता येतो. निसर्गाकडून पुरावा मागू नका, त्याची वाढायची तऱ्हा घ्या.

## कागदावर उतरवताना

बोधचिन्हात दगडफूल हुबेहूब काढायचं नाही. घ्यायची ती त्याची किनार: आतून बाहेर सरकणारी, कुठे दाट, कुठे विरळ, दोन्ही बाजूंना सारखी नसणारी. दोन सारख्या भागांत दुमडता येणारी आकृती इथे मुद्दाम टाळावी. आकृती पूर्ण बंदही करू नये. दर वर्षाची तुकडी बाहेर पडली की मूळ आकृतीच्या कडेला एक नवा वेटोळा वाढवता येईल, अशी सोय ठेवली तर चिन्ह संस्थेबरोबर वाढतं. एका रंगात, एक सेंटिमीटरच्या आकारात आणि झेरॉक्सच्या झेरॉक्सवर ते ओळखू आलं पाहिजे. या तीन परीक्षांत नापास झालेलं चिन्ह कितीही देखणं असलं तरी परत करावं.

रंगांसाठी झँथोरिया नावाचं एक दगडफूल बघण्यासारखं आहे. उन्हात ते झगझगीत नारिंगी असतं, कारण उन्हापासून बचावाला ते एक रंगद्रव्य तयार करतं. तेच सावलीत वाढलं तर करडं-हिरवं राहतं. जीव तोच, जात तीच. त्यातून दोन रंग मिळतात: मजकुरासाठी गडद काळपट हिरवा, आणि लक्ष वेधायला नारिंगी. काळपट हिरवा पांढऱ्यावर सहज वाचता येतो. नारिंगीत अक्षर लिहू नये, त्याचे फक्त ठिपके आणि किनार करावी. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांत एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. म्हणून फरक नुसत्या रंगावर न सोडता गडद-फिक्यावर आणि आकारावरही टेकवावा.

मजकूर मराठीत असेल तर क्रियापदांकडे डोळ्यांत तेल घालून बघावं. ‘मी इथे शिकतो’ असं पोस्टरवर छापलं की निम्मी दारं बंद. ‘शिकतो/शिकते’ अशी तिरकी रेघ मारली की पुन्हा तेच दोन कप्पे. ‘माझं शिक्षण इथे’, ‘मला इथे उत्तरं नाहीत, प्रश्न मिळाले’ अशी वाक्यं मराठीत सहज होतात. थोडे कष्ट घ्यावे लागतात, एवढंच.

## चिन्ह इतकं सौम्य का? ही लपवाछपवी तर नव्हे?

शंका रास्त आहे. नाझींनी छळछावण्यांमध्ये समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवला होता. १९७० च्या दशकात चळवळीनं तोच त्रिकोण अभिमानानं छातीवर मिरवला. त्रिकोणाचा आकार बदलला नव्हता. बदललं होतं ते एवढंच, की तो कोणी लावला. चिन्ह अंगावर घ्यायचं की नाही, किती मोठं घ्यायचं आणि कुठे दाखवायचं, हे ज्याच्या अंगावर ते येणार त्यानं ठरवायचं.

विभागाच्या इमारतीवर नारिंगी रंगात मोठं चिन्ह लावा. तिथे संस्था बोलत असते आणि तिनं मोठ्यानंच बोलावं. पण विद्यार्थ्याच्या पिशवीवर, ओळखपत्रावर, नोकरीच्या मुलाखतीला न्यायच्या प्रमाणपत्रावर तेच चिन्ह शांत करड्या-हिरव्यात, लहान असावं. ज्याला माहीत आहे त्याला ते ओळखू येईल. ज्याच्यापासून धोका आहे त्याला ती नुसती नक्षी दिसेल. झँथोरियाही उन्हात आणि सावलीत वेगळा दिसतो, पण लपत नाही. शिवाय कोणतं रूप हवं याची निवड विद्यार्थ्याकडे द्यावी. प्रवेश अर्जात एक चौकट ठेवली की झालं.

आणि प्रमाणपत्राचा साचा करतानाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. पदवीनंतर पाच-दहा वर्षांनी एखाद्याचं कागदोपत्री नाव बदलतं. तेव्हा नवं प्रमाणपत्र छापताना त्यावर ‘दुय्यम प्रत’ असा शिक्का नको, जुन्या नावाची ‘ऊर्फ’ अशी शेपटी नको, आणि त्याच वर्षाची तीच किनार, तोच वेटोळा मिळायला हवा. साच्यात नावाची जागा वेगळ्या थरावर ठेवली तर हे काम दहा मिनिटांचं आहे.